उघड्यावरच्या मैफलीत मालकंस का ऐकू येत नाही? समजून घ्या रात्री १० चा नियम

धरणगाव : मे महिन्यात खान्देशात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्यामुळे जुन्या वाड्याच्या किंवा गढीच्या अंगणात शास्त्रीय मैफल ठेवायची तर सुरुवात साडेसातनंतरच. शेवट मात्र १० ला. हातात उरतात जेमतेम अडीच तास.

नियम काय सांगतो?
ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. वाद्यांनाही हीच मनाई आहे. बंद सभागृहाला सूट आहे. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत मुभा देऊ शकतं.

रात्री आवाज दूर का जातो?
सूर्यास्तानंतर जमिनीलगतची हवा आधी गार होते, वरची उबदार राहते. त्यामुळे वर जाणारा आवाज पुन्हा खाली वळतो आणि लांबच्या वस्तीत झोपलेल्यांपर्यंत पोहोचतो.

फटका कशाला?
यमन, भूप वेळेत बसतात. मालकंस, दरबारी कानडा हे उत्तररात्रीकडे झुकणारे राग मात्र मागे पडतात. १९५३ पासूनचा पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव एकेकाळी रात्रभर रंगायचा; आता बहुतेक दिवशी १० लाच आटोपतो.

मग पर्याय?
सकाळी ६ ची मैफल. हवा गार, नियमाची अडचण नाही आणि भैरवची वेळही हीच. मालकंससाठी मात्र सभागृहच गाठावं लागेल.