खणण्याआधी सांगा

"डॉक्टर, दारातच गटार खणलंय, पण पाणी उकळून प्या असं कुणी सांगितलंच नाही हो!" जुलाबाने मलूल झालेले मूल मांडीवर घेऊन बसलेली आई मला म्हणाली. त्याच आळीतली आणखी दोन मुले त्या आठवड्यात माझ्याकडे आली. पावसाळ्याच्या तोंडावर पावसाळी गटाराचे काम सुरू होते. खणताना नळाची वाहिनी फुटली. ती दुरुस्त झाली, पण तोवर घाण पाणी घराघरांत पोचले होते. वाहिनी फुटणे एखादे वेळी टळत नाही; सावध करणे मात्र सहज जमले असते.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारावर पाऊस धो धो कोसळतो. तेव्हा गटारे हवीतच. परंतु वांगणीच्या परिसरात अशा हयगयीला जागा नाही. १९९२ साली वावर-वांगणीतील बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. वजन कमी असलेल्या बाळाला जुलाब झाले की ते अधिक खंगते, आणि खंगलेल्या बाळाला आजार पुन्हा लवकर गाठतो.

उघड्या गटाराचा धोका शहरालाही चुकलेला नाही. २९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून चालत घरी निघालेले नामवंत पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर उघड्या मॅनहोलमध्ये पडून दगावले. पाण्याखालचे तोंड दिसणार कसे? जवळ काठी रोवून लाल फडके बांधले, तर निदान माणूस थबकतो.

मग लोकांना काय सांगावे? काम कोठून कोठपर्यंत, किती दिवस चालणार, नळ केव्हा बंद राहणार, रात्री कोणत्या वाटेने जावे आणि अडचण आल्यास कोणाला भेटावे, एवढे पुरे. सूचना केवळ कार्यालयाच्या भिंतीवर चिकटवू नये. पाड्यापाड्यांत दवंडी द्यावी, आठवड्याच्या बाजारात सांगावे, अंगणवाडीताई व आशाताईंना आधी कळवावे. बेत बदलला तर तेही सांगावे. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदाही सार्वजनिक संस्थांनी आपण होऊन माहिती जाहीर करावी, असेच म्हणतो. ग्रामसभेत हे विचारायला संकोच कसला?

वाचकहो, काम चालू असेपर्यंत आपणही पुढील काळजी घ्या :

१. नळ बंद होऊन पुन्हा आला की पहिले गढूळ पाणी सोडून द्या. पिण्याचे पाणी खळखळून उकळा व झाकून ठेवा.

२. पाणी भरून ठेवलेली भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा. डासाची अंडी ते उडता डास, हा प्रवास आठ-दहा दिवसांत पुरा होतो. चरात पाणी साचले तर ग्रामपंचायतीला कळवा.

३. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका. उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली होती.

४. जुलाब होताच एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजा. अंगावरचे दूध बंद करू नका. मूल सुस्तावले, डोळे खोल गेले किंवा शौचात रक्त दिसले, तर तडक दवाखाना गाठा.

त्या आईचे मूल चार दिवसांत खेळू लागले. जाताना ती म्हणाली, "आधी कळलं असतं तर चूल पेटवायला कितीसा वेळ लागतो?" गटाराचा आराखडा करणाऱ्यांनी हा प्रश्न जवळ ठेवावा.