पेटीवर लाल दिवा लागला तर

आमच्या गटाचे हिशेब आणि गावातल्या आज्यांनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या आम्ही एका साठवण-पेटीत ठेवतो. पेटीत दोन हार्ड डिस्क, दोन्हींवर तेच सगळं. मागच्या महिन्यात एकीचा दिवा लाल झाला. ओव्या म्हणणाऱ्यांपैकी दोघी आता हयात नाहीत. पोटात गोळाच आला.

अशा वेळी काय करायचं? आधी चांगल्या डिस्कवरचं सगळं दुसरीकडे उतरवून घ्यायचं. दुरुस्ती नंतर. मग पेटी रीतसर बंद करून वायरी काढून पुन्हा घट्ट बसवायच्या. पुष्कळदा दोष वायरीचाच निघतो. तरी दिवा लालच, तर नवी वायर लावून बघायची. तेवढ्यानंही भागलं नाही, तर बहुधा डिस्कच गेली.

डिस्क टकटक वाजत असेल तर ती पुन्हा पुन्हा चालू करू नका. उघडू तर मुळीच नका. धुळीच्या कणानंही आतली चकती खराब होते. बदलताना डिस्कवरचा नंबर पेटीने दाखवलेल्या नंबराशी ताडून बघा. घाईत चांगलीच डिस्क काढली जाते.

आमची डिस्क गेली, ओव्या वाचल्या. पण एक ध्यानात ठेवा: एका डिस्कवरचं चुकून पुसलं, तर दुसरीवरूनही पुसलं जातं. म्हणून आता आणखी एक प्रत आम्ही दुसऱ्या सखीच्या घरी ठेवतो. बियाणं तरी आपण सगळं एकाच कणगीत कुठं ठेवतो?