ट्रॅक्टरचे नाक सांभाळा



बैल विकत घेताना आपण त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवूनही पाहतो. धाप लागणारा बैल कोणी दावणीला बांधत नाही. ट्रॅक्टरचे मात्र आपण टायर पाहतो, रंग पाहतो, आणि तो श्वास कोठून घेतो हे विसरतो. ट्रॅक्टरचे नाक म्हणजे त्याचा एअर क्लीनर, अर्थात हवा गाळणारे भांडे. त्याविषयी आज थोडे बोलू.

कळसाडीच्या एका शेतकऱ्याची हकिकत सांगतो. त्यांच्या ट्रॅक्टरची कागदी गाळणी खराब झाली. बाजारात मूळ गाळणीपेक्षा ३०० रुपयांनी स्वस्त, दिसायला तशीच एक मिळाली. ती भांड्यात किंचित सैल बसत होती, म्हणून कडेने चिंधी गुंडाळली. त्याच गाळणीवर त्यांनी गव्हाची मळणी केली आणि उन्हाळ्यात काळ्या रानात रोटाव्हेटर चालवला. मृगाच्या तोंडावर इंजिन सकाळी लवकर सुरू होईना, धूर निळसर येऊ लागला, ऑइल पुरेना. मिस्त्रीने इंजिन उघडले तेव्हा लायनर आणि रिंगा पार झिजलेल्या निघाल्या. खर्च ५०,००० रुपयांच्या घरात गेला. मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवलेले पैसे त्यात गेले आणि कापसाची पेरणी १२ दिवस लांबली. ते मला म्हणाले, "साहेब, ज्या मातीनं पोसलं, तिनंच माझं इंजिन खाल्लं."

असे का झाले? २५०० सीसीचे इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांवर चालले, तर तासाभरात साधारण सव्वा लाख लिटर हवा ओढते. मळणीयंत्राजवळ किंवा नांगरटीच्या धुरळ्यात ही हवा कशी असते, ते आपण जाणतोच. धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि ते लोखंडापेक्षा कठीण असतात. असे कण रिंग आणि लायनर यांच्यामध्ये शिरले, की पाट्यावर वाटण वाटावे तसे ते धातू घासतात. त्यासाठी टोपलीभर माती लागत नाही. रोज चिमूटभर गेली तरी पुरते.

आता निवड कशी करावी ते पाहू.

प्रथम आपला एअर क्लीनर कोणत्या जातीचा आहे ते ओळखावे. जुन्या ट्रॅक्टरांना बहुधा तेलाच्या वाटीचा असतो. हवा खाली येऊन तेलावर आपटते, धूळ तेलात राहते आणि उरलेली वरच्या तारेच्या जाळीत अडकते. नव्या ट्रॅक्टरांना पुष्कळदा कोरडी, कागदी गाळणी असते. तिच्या आत आणखी एक छोटी गाळणी असते. बाहेरची फाटली तर इंजिन वाचावे म्हणून ती ठेवलेली असते. एका जातीचे काढून दुसऱ्या जातीचे जोडण्याचा उपद्व्याप करू नये.

दुकानात जाताना जुनी गाळणी आणि ट्रॅक्टरची पुस्तिका बरोबर न्यावी. पुस्तिकेतील भागाचा क्रमांक जुळला पाहिजे. उंची, बाहेरचा व्यास आणि आतले भोक मोजावे. कडेचे रबर मऊ आणि अखंड असावे. कागदाच्या घड्या सारख्या अंतरावर असाव्यात, त्या कोठे सुटलेल्या नसाव्यात. गाळणीत विजेरी धरून अंधारात पाहावे. कोठे टाचणीएवढा प्रकाशाचा ठिपका दिसला, तर ती गाळणी दुकानातच ठेवावी. दुसऱ्या कंपनीची गाळणी वाईटच असते असे नाही. पण ती घट्ट बसलीच पाहिजे. चिंधी, सुतळी, चिकटपट्टी लावून बसवावी लागणारी गाळणी फुकट मिळाली तरी महाग.

पक्की पावती अवश्य घ्यावी.

गाळणी चांगली घेतली तरी पुढची रबरी नळी तपासावी. नळीला चीर असेल किंवा पट्टा ढिला असेल, तर हवा न गाळता आत जाते. इंजिन बंद करून नळी सोडावी आणि आतून स्वच्छ पांढरे फडके फिरवावे. फडक्याला धूळ लागली, तर गळती आहे असे समजावे.

तेलाच्या वाटीत पुस्तिकेत सांगितलेले तेल खुणेइतकेच भरावे. कमी भरले तर धूळ आत जाते, जास्त भरले तर तेलच इंजिनात ओढले जाते. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरची चाचणी होते, तेव्हा ट्रॅक्टर तिरका करूनही हे तेल आत ओढले जाते का, हे पाहतात. यावरून त्या खुणेचे महत्त्व ध्यानात यावे. धुरळ्याच्या कामात वाटी रोज पाहावी आणि तळाशी गाळ साचला की तेल बदलावे.

कागदी गाळणी डिझेलने किंवा रॉकेलने धुऊ नये, दगडावर आपटू नये. पंक्चरच्या दुकानातील हवेचा पूर्ण झोत कागद फाडतो. हवा मारायचीच तर पुस्तिकेत दिलेल्या दाबाने, आतून बाहेर मारावी. आतली छोटी गाळणी साफ करीत बसू नये, बदलावी. गाळणी तुंबली की धूर काळा येतो, ओढ कमी होते आणि डिझेल जास्त जाते.

तरुण मित्रांना दोन शब्द. जीप, पिकअप किंवा मोटारीची बंदिस्त गाळणी काढून तिच्या जागी उघडी, शंकूच्या आकाराची गाळणी बसवण्याची हौस आता खेड्यातही आली आहे. आवाज भारी येतो, म्हणून ताकद वाढली असे वाटते. पण डिझेल इंजिनाची ताकद किती डिझेल जाते यावरही ठरते. नुसते नाक मोठे करून ती वाढत नाही. उघडी गाळणी बॉनेटखालची तापलेली हवा ओढते, आणि तापलेली हवा विरळ असते. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत हवा मोजणारा नाजूक सेन्सर असतो. तेल लावलेल्या गाळणीतील तेल त्यावर उडाले, तर गाडी बिघडते आणि कंपनी वॉरंटी नाकारू शकते. शहराच्या डांबरी रस्त्यावरची हौस आपल्या गाडीवाटेला परवडत नाही.

भगिनींनो, घरातील हिशेबाची वही बहुधा आपल्या हाती असते. तिच्यात एक पान ट्रॅक्टरसाठी ठेवा. गाळणी केव्हा पाहिली, केव्हा बदलली, ऑइल किती घातले, हे लिहीत चला. ऑइलचा खर्च वाढू लागला, तर ते पानच आधी सांगेल.

पेरणीपूर्वी आपण बियाणे निवडून घेतो. त्याच दिवशी ट्रॅक्टरचे हे नाकही एकदा उघडून पाहा. अर्ध्या तासाचे काम आहे, पण त्यावर सारा हंगाम अवलंबून आहे.