पंधरा वर्षांची मक्तेदारी आणि दिल्लीचे आव्हान

चेन्नईच्या चेपॉक मैदानावर 1972-73 च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईचा पहिला डाव 151 धावांत आटोपला. फिरत्या खेळपट्टीवर यजमान तमिळनाडूला याहून चांगली संधी मिळणार नव्हती. पण पद्माकर शिवलकरांनी 16 धावांत 8 गडी टिपले आणि तमिळनाडूचा डाव 80 वर संपला. मुंबई दुसऱ्या डावात 113 वर बाद झाली, तरी तमिळनाडूला 61 च्या पुढे जाता आले नाही. शिवलकरांचे आणखी 5 बळी, तेही 18 धावांत. तिसऱ्या दिवशी पहिल्याच चेंडूवर सामना संपला आणि मुंबईने सलग पंधराव्यांदा करंडक उचलला.

खेळाच्या जगात अशा अजिंक्य मालिकांची मोहिनी मोठी असते. अमेरिकी कॉलेज फुटबॉलमध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाच्या संघाने 1953 ते 1957 या काळात सलग 47 सामने जिंकले. तिथे चढाईची सूत्रे क्वार्टरबॅककडे असतात. चेंडू कुणाकडे द्यायचा हे तो क्षणार्धात ठरवतो, म्हणून श्रेयही त्याच्याच नावावर जमा होते. आपल्याकडे ते कर्णधाराच्या वाट्याला येते.

पण मुंबईची मालिका एकट्या कर्णधाराची नव्हती. 1970-71 मध्ये अजित वाडेकर, दिलीप सरदेसाई, सुनील गावसकर, एकनाथ सोलकर हे सगळे भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडिजमध्ये होते. सुधीर नाईक यांनी उरलेल्या खेळाडूंना घेऊन अंतिम सामन्यात महाराष्ट्राला 48 धावांनी हरवले. राखीव खेळाडूही जिंकू शकत होते, हेच मुंबईचे खरे बळ. मैदानावरच्या क्लब क्रिकेटमध्ये घासून निघालेली मुलेच संघात येत. राजस्थानसारखा तगडा संघ या काळात सात वेळा अंतिम फेरीत मुंबईकडून हरला.

1973-74 मध्ये बंगळुरूच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकच्या 385 धावांना मुंबईने 307 चेच उत्तर दिले आणि मालिका तुटली. मात्र दबदबा कायम होता. त्याला सर्वांत चिवट आव्हान आले ते दिल्लीकडून.

दिल्ली रणजीत सुरुवातीपासून खेळत होती, पण अंतिम फेरी तिने कधी पाहिली नव्हती. अमृतसरचे बिशनसिंग बेदी दिल्लीकडून खेळू लागले आणि पुढे कर्णधार झाले. तंदुरुस्तीबाबत ते कमालीचे कडक होते. पुण्याच्या वाडिया कॉलेजात शिकलेले आणि महाराष्ट्राकडून खेळलेले चेतन चौहानही दिल्लीत आले. 1976-77 मध्ये दिल्लीने पहिली अंतिम फेरी गाठली, तेव्हा घरच्या फिरोजशाह कोटलावर मुंबईने तिला 129 धावांनी नमवले. दोन वर्षांनी कर्नाटकला 399 धावांनी हरवून दिल्लीने पहिला करंडक जिंकला, तर 1979-80 मध्ये कोटलावरच मुंबईला 240 धावांनी धूळ चारली. 1976-77 ते 1986-87 या अकरा हंगामांत दिल्लीने नऊ अंतिम सामने खेळले आणि त्यांतले चार जिंकले.

त्यातला 1981-82 चा सामना जुने दिल्लीकर आजही विसरलेले नाहीत. कर्नाटकने 705 धावांचा डोंगर रचला. मोहिंदर अमरनाथच्या 185 धावांनंतरही दिल्ली 8 बाद 589 अशी अडकली. तेव्हा राकेश शुक्ला आणि मध्यमगती गोलंदाज राजेश पीटर यांनी 118 धावांची अभेद्य भागीदारी करून 8 बाद 707 पर्यंत मजल मारली. पहिल्या डावातील आघाडीवर दिल्ली विजेती ठरली. पीटर 67 वर नाबाद राहिला. शिवलकर कधी कसोटी खेळले नाहीत, पीटरही नाही. अजिंक्य संघ उभे राहतात ते अशा माणसांच्या जिवावर, आणि त्यांचे ऋण आपण फार कमी मानतो.

जानेवारी 2025 मध्ये विराट कोहली दिल्लीकडून रणजी खेळायला उतरला, तेव्हा त्याच कोटलावर, म्हणजे आजच्या अरुण जेटली स्टेडियमवर, हजारोंची गर्दी लोटली. एरवी तिथले रणजी सामने रिकाम्या बाकांपुढे होतात. दिल्ली, नोएडा, गुडगावातल्या मराठी वाचकांनी हिवाळ्यातला एखादा दिवस काढून तिथे जरूर जावे. पुढचा शिवलकर किंवा पीटर तिथेच खेळत असेल.