कामाच्या वेळा पाळणारा रेडिओ

१९५१ साली ब्रिटनमध्ये मांस अजून रेशनवर मिळत होतं. रेडिओ ऐकायचा तर वर्षाला एक पौंड भरून परवाना काढावा लागे, आणि असे सव्वा कोटीच्या आसपास परवाने देशात होते. ऐकायला बीबीसीच्या तीन वाहिन्या: होम सर्व्हिस, लाइट प्रोग्राम आणि थर्ड प्रोग्राम. महासंचालक विल्यम हेली यांच्या डोळ्यांसमोर या तिघींचा पिरॅमिड होता. श्रोत्याने लाइटच्या रंजनापासून सुरुवात करावी, होमवरून हळूहळू वर चढावं आणि शेवटी थर्डच्या शिखरावर पोचावं. प्रत्यक्षात वर चढणारे थोडेच निघाले. पण पायथ्याशी, भर दिवसा, लोकांच्या कामाच्या वेळा ओळखून बीबीसीने जे उभं केलं, ते या काळातलं तिचं सर्वांत मोलाचं काम होतं.

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी लाइटवर 'हाउसवाइव्ह्ज चॉइस' लागे. पोस्टकार्डांवरून आलेल्या फर्माइशी आणि ग्रामोफोनच्या तबकड्या, असा साधा मामला. 'आपली आवड' ऐकत वाढलेल्या मराठी श्रोत्याला तो लगेच ओळखीचा वाटेल. तबकड्या मात्र हव्या तितक्या वाजवायची मुभा नव्हती. रेकॉर्ड कंपन्या आणि वादकांची संघटना यांच्याशी झालेल्या करारांनी त्यांचे तास बांधून दिले होते. म्हणून उरलेलं बरंचसं संगीत वाद्यवृंदांना बोलावून वाजवून घ्यावं लागे. या अडचणीने कित्येक वादकांच्या चुली पेटत्या ठेवल्या.

'म्युझिक व्हाइल यू वर्क' हा कार्यक्रम अशाच वाद्यवृंदांवर चालला. जून १९४० मध्ये, डंकर्कची माघार नुकतीच झालेली असताना, युद्धसामग्री बनवणाऱ्या कामगारांसाठी तो सुरू झाला. सकाळी साडेदहाला आणि पुन्हा दुपारी, अर्धा अर्धा तास, जवळजवळ न थांबता संगीत. ते कारखान्यातल्या कर्ण्यांवरून ऐकू यायचं असल्याने त्याचे नियम वेगळे होते. लय मध्येच बदलायची नाही. आवाज एकदम चढवायचा-उतरवायचा नाही, कारण हळू वाजलेलं यंत्रांच्या घरघरीत बुडून जाई. चाल ओळखीची हवी आणि ठळक हवी. 'डीप इन द हार्ट ऑफ टेक्सस' हे गाणं तर या कार्यक्रमातून बादच झालं. त्यात टाळ्यांच्या जागा आहेत, आणि तिथे कामगार हातातली अवजारं ठोकतील ही भीती होती. श्रोता या क्षणी नेमकं काय करतो आहे, त्याच्या हातात काय आहे, इतका बारीक विचार करून संगीत निवडणारे लोक बीबीसीत बसले होते!

दुपारची आखणी तितकीच नेटकी. पावणेदोनला 'लिसन विथ मदर': पाच वर्षांखालच्या मुलांसाठी पंधरा मिनिटं गोष्ट आणि गाणी. ते संपतं न संपतं तोच दोनला आईचा कार्यक्रम, 'वूमन्स अवर'. ऑक्टोबर १९४६ मध्ये तो सुरू झाला तेव्हा निवेदक पुरुष होते, ॲलन आयव्हिमी. पुढे सूत्रं बायकांकडे आली. रजोनिवृत्तीसारखा विषय घरातही दबक्या आवाजात निघे. या कार्यक्रमाने तो त्याच दशकात माइकसमोर आणला. चारला 'मिसेस डेल्स डायरी', एका डॉक्टरच्या बायकोची रोजची मालिका. पाचला होमवर मुलांचा तास, सहाला बातम्या.

पावणेसातला लाइटवर 'द आर्चर्स'. १९४८ साली बर्मिंगहॅमला शेतकऱ्यांशी झालेल्या एका बैठकीत लिंकनशरचा एक शेतकरी म्हणाला होता की, आम्हाला शेतीतला डिक बार्टन हवा. डिक बार्टन हा तेव्हा रोज संध्याकाळी ऐकला जाणारा धाडसी गुप्तहेर. निर्माते गॉडफ्रे बेझली यांनी ती सूचना मनावर घेतली. ॲम्ब्रिज नावाचं काल्पनिक गाव रचलं, कृषी मंत्रालयाशी सल्लामसलत केली आणि अन्नटंचाईच्या काळात उत्पादन वाढवणारी माहिती संवादांत विणली. १ जानेवारी १९५१ पासून मालिका देशभर ऐकू येऊ लागली. त्याच वसंतात बार्टन बंद झाला आणि त्याची वेळ आर्चर कुटुंबाला मिळाली.

संध्याकाळी सहानंतरचं थर्ड हे शिखर. श्रोते मूठभर, पण ऐवज अस्सल. २८ मार्च १९४९ रोजी फ्रेड हॉइल यांनी विश्वोत्पत्तीच्या सिद्धांताला 'बिग बँग' म्हटलं ते याच वाहिनीवरच्या भाषणात. तो सिद्धांत त्यांना स्वतःला पटलेला नव्हता. याच हॉइल यांच्या हाताखाली पुढे केंब्रिजला कोल्हापूरच्या जयंत नारळीकरांनी संशोधन केलं.

१९६७ मध्ये बीबीसीने वाहिन्यांची फेरमांडणी केली. 'हाउसवाइव्ह्ज चॉइस' आणि 'म्युझिक व्हाइल यू वर्क' त्याच वर्षी थांबले, थर्ड प्रोग्राम हे नाव १९७० मध्ये गेलं. 'वूमन्स अवर' आणि 'द आर्चर्स' मात्र आजही रेडिओ फोरवर चालू आहेत.