नलगोंड्याचे पाणी: ऐंशी वर्षांचा मागोवा

आजार आधी बैलांनी दाखवला. तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यात नांगराचे बैल ऐन उमेदीत लंगडू लागले, सांधे आखडून बसू लागले. माणसांचीही तीच गत झाली. १९३७ मध्ये शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारण छापून मांडले: विहिरीच्या पाण्यातले फ्लोराइड.

तेलंगणातल्या नलगोंडा जिल्ह्यात तर खडकच तसा. ग्रॅनाइटमध्ये फ्लोराइड धरून बसलेली खनिजे, पाऊस तुटपुंजा, आणि भेगांत वर्षानुवर्षे मुरलेले पाणी. त्या पाण्यात कॅल्शियम कमी आणि बायकार्बोनेट जास्त असले की फ्लोराइड सहज विरघळते. लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही आपल्याकडची कमाल मर्यादा. तिथल्या कित्येक विहिरींनी ती केव्हाच ओलांडली होती. लहानपणी दातांवर तपकिरी पट्टे येतात. पुढे कण्याभोवतीचे अस्थिबंध कडक होतात, मान वळेनाशी होते. मागून हाक आली तर माणूस अख्ख्या अंगाने फिरतो.

१९५५ मध्ये सिद्दिकींचा नलगोंड्यावरचा लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्याच वर्षी १० डिसेंबरला, त्याच जिल्ह्यात, नेहरूंनी नागार्जुनसागरची पायाभरणी केली. धरण झाले, कालवे वाहिले. उंचावरच्या गावांच्या नशिबी मात्र विहीरच राहिली.

सत्तरच्या दशकात आणखी एक विचित्र गोष्ट दिसली. तरुण मुलांचे गुडघे आत वळू लागले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या कृष्णमाचारींनी लावलेला अर्थ मला फार मोलाचा वाटतो: धरणाच्या झिरप्याने भूजल वर आले, जमीन अधिक अल्कधर्मी झाली, ज्वारीने जास्त मॉलिब्डेनम उचलले आणि शरीरातले तांबे घटले. फ्लोराइडने पोखरलेल्या हाडांवर हा दुसरा घाव. खडक पाण्यातून पोटात जातो, तसा भाकरीतूनही जातो.

उपाय नागपूरहून आला. तिथल्या नीरी संस्थेने नलगोंडा तंत्र बसवले: पाण्यात चुना, तुरटी आणि ब्लीचिंग पावडर घालायची, ढवळायचे, गाळ खाली बसू द्यायचा, वरचे पाणी काढून घ्यायचे. साधे, स्वस्त, खरे तंत्र. पण घरोघरी हे रोज करायचे कोणी? शेतावरून दमून आलेल्या बाईनेच. गाळ टाकायचा कुठे, तेही तिनेच पाहायचे. म्हणून ते अनेक ठिकाणी मागे पडले, यात लोकांचा दोष मी मानत नाही. खरा फरक पडला तो नदीचे पाणी नळाने दारात आल्यावर. तेलंगणाची मिशन भगीरथ योजना २०१६ मध्ये सुरू झाली. नेल्लोरच्या नोंदीनंतर जवळजवळ ऐंशी वर्षांनी.

आपल्याकडे बहुतेक महाराष्ट्र बेसाल्टवर बसला आहे, म्हणून हा प्रश्न दूरचा वाटतो. पण किनवट, पांढरकवडा, चंद्रपूरच्या काही गावांत फ्लोराइड सापडलेले आहे. तिथे अजूनही बोअर मारताना पाणी किती फुटांवर लागले एवढेच विचारले जाते. बाटलीभर पाणी तपासणीला पाठवायला फार खर्च येत नाही, आणि ते पहिल्याच दिवशी पाठवायला हवे. कारण एकदा कडक झालेला कणा कोणत्याही औषधाने पुन्हा वाकत नाही.