स्थलांतर आणि मूळ प्रदेशाची ओढ : कामठीतील विणकर

प्रस्तावना :
मूळ प्रदेश सोडलेल्या माणसास त्याची ओढ लागणे स्वाभाविक मानले जाते. तथापि ही ओढ सर्वांना सारखी का नसते, हा विचारार्ह प्रश्न होय. कामठीचे उदाहरण त्यादृष्टीने उद्बोधक आहे.

पार्श्वभूमी :
कन्हान नदीकाठी १८२१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने छावणी वसविली व तिच्याभोवती कामठी शहर वाढले. मद्रास फौजेच्या पलटणी येथे राहिल्या. १८५७ च्या उठावानंतर आझमगड, मऊ आदी भागांतून मोमीन विणकर आले. उठावानंतरची दडपशाही आणि गिरणीच्या कापडाची स्पर्धा ही त्यामागील प्रमुख कारणे होत.

विवेचन :
सैनिकाचे स्थलांतर हुकमाने होते. पलटण हलली की मुक्कामही हलतो. त्यामुळे घर म्हणजे मागे राहिलेले गाव, ही जाणीव कायम राहते. विणकर मात्र माग, नातेसंबंध आणि भाषा यांसह आले व मोहल्ले करून स्थिरावले. गाव दुरावले, तरी गावाचा जीवनक्रम दुरावला नाही. अशा स्थितीत आठवण उरते, पण व्याकुळतेस फारसे कारण उरत नाही.

निष्कर्ष :
ओढ भूमीपेक्षा त्या भूमीने दिलेल्या जीवनक्रमाची अधिक असते. म्हणूनच पुढे कामठीतील हातमाग ओसरला, तेव्हा केवळ रोजगार गेला नाही. पूर्वजांच्या मुलखाशी जोडणारा धागाही क्षीण झाला. स्थलांतरितांच्या अभ्यासात अंतराइतकाच टिकलेल्या व्यवसायाचाही विचार व्हावयास हवा.